कोयीसकट फोड

काल संध्याकाळी नल्लकुंट्याच्या भाजीबाजारातून घरी येत होते. हातात कोथिंबिरीची जुडी होती आणि डोक्यात बुधवारचा पेपर. कोपऱ्यावर वळले आणि 'ठक्' असा आवाज आला. लाकडावर लोखंड पडल्याचा. जरा थांबून पुन्हा, ठक्. कैऱ्या फोडायला सुरुवात झाली होती. माझ्या पुढे चाललेली बाई त्या आवाजासरशी वळली आणि हसली. तिच्या तोंडाला पाणी सुटलं असणार. माझ्या मुठीत कोथिंबिरीची जुडी चुरगळली.

कैरीचा वास आणि परीक्षेची भीती या दोन गोष्टी माझ्यात एकाच बरणीत घातल्यासारख्या मुरल्या आहेत. कुणी मीठ लावून फोड पुढे केली तर आधी माझ्या तळहाताला घाम येतो, मग तोंडाला पाणी सुटतं. हे मी कुणाला सांगत नाही. सांगितलं तर हसतील, आणि हसण्यासारखंच आहे. पण काल त्या आवाजाने दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा असा समोर उभा केला की आज वही उघडली ती गणितं सोडवायला, आणि लिहायला बसले हे. नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

मला एक खोड आहे. मी जिथे असते तिथे नसते. जेवताना भांडी घासायची आहेत हे आठवतं, भांडी घासताना बस चुकेल याची काळजी असते, बसमध्ये बसले की वर्गात विचारतील ते उत्तर मनात घोळवते आणि वर्गात घड्याळाकडे बघत असते. लहानपणी माय म्हणायची, "ही पोरगी उद्याच्या घरात ऱ्हाते. इथं नुसती झोपायला येते." तेव्हा ते कौतुक वाटायचं. आमच्या घरात उद्याचा विचार करणारं दुसरं कोण होतं? दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, उदगीरजवळचं रान सोडून हैदराबाद गाठलं ते सातवी पास एवढ्या कागदावर. मायला सही करता येते, ती मीच शिकवली. कॉलेजची पायरी आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत माझ्याआधी कुणी चढलेलं नाही. त्यामुळे त्या पायरीवर आमचं सगळं घराणं उभं आहे आणि मी घसरले तर सगळे घसरतील, असं मला उगीचच वाटायचं. उगीचच म्हणते, पण अजूनही वाटतं.

आणि दिवसही तसेच होते. जो तो उद्याबद्दलच बोलत होता. दिलसुखनगरला दर आठवड्याला कॉम्प्युटर शिकवणारा नवा क्लास निघायचा, आणि त्याच्या पाटीवर मुलामुलींचे असे चेहरे रंगवलेले असायचे की जणू ते आत्ताच विमानातून उतरलेत. गल्लीवरून केबलच्या काळ्या तारा गेल्या होत्या. आमच्या वळणावर एका मारवाडी काकांनी पिवळी पाटी लावून एस.टी.डी. बूथ उघडला होता. काचेची खोली, आत पंखा, लाल आकडे पळणारं यंत्र. ते काका दादांना म्हणाले होते, "मुलगी हुशार आहे, इंग्लिश बोलते. जूनपासून बसू दे माझ्याकडे." दादा नाही म्हणाले नव्हते. "निकाल लागू द्या," एवढंच म्हणाले होते.

कारण त्याच्या आदल्या वर्षी माझा गणिताचा एक पेपर राहिला होता. येत नव्हतं म्हणून राहिला असता तर काही वाटलं नसतं. पण येत होतं. पहिलं गणित सोडवताना मला पाचव्याची काळजी लागली. पाचवं उघडून पाहिलं तर निकालाचा दिवस दिसायला लागला. निकालाच्या यादीपुढे उभे असलेले दादा दिसले, बोट खाली खाली सरकवत माझा नंबर शोधणारे. तीन तासांत मी अडीच गणितं लिहिली. घरी कुणी रागावलं नाही. दादा म्हणाले, "पुन्हा बस. पुन्हा नाही झालं तर बूथ हाय की. काचेच्या खोलीत बसून काम, काय वाईट हाय?" ते मनापासून म्हणत होते, त्यांच्या दृष्टीने ती मोठीच नोकरी होती. म्हणूनच मला इतकी भीती वाटली. मला एम.एस्सी. करायचं होतं. ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, कारण एम.एस्सी. म्हणजे काय हे सांगण्यापासून सुरुवात करावी लागली असती.

तर तो राहिलेला पेपर, शेवटच्या वर्षाच्या पेपरांच्या आधी, मंगळवारी होता. आणि त्याआधीच्या रविवारी सकाळी माय म्हणाली, "चल, कैऱ्या आणू."

"माय, परवा पेपर आहे."

"मला ठाव हाय. कैरीला ठाव नाही. पुढल्या आयतवारी पिकायला लागंल."

मी वही पिशवीत टाकली आणि निघाले. वाटेत जमलं तर वाचेन म्हणून. चालता चालता कोण गणित वाचतं?

आवकाय हे लोणचं मायने इथे आल्यावर शिकलं. आमच्या गावाकडे तेल कडवून, गार करून लोणच्यात घालतात. इथे तेल कच्चंच, मोहरी कच्चीच कुटायची, आणि फोड मोठी, अर्ध्या मुठीएवढी. पण सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक फोडीला कोयीच्या टणक कवचाचा तुकडा चिकटलेला हवा. तेलुगूत त्याला टेंका म्हणतात. नुसत्या गराची फोड दोन महिन्यांत गळून तिचा चिखल होतो. कवच असलं की फोड वर्षभर ताठ राहते. म्हणून ही कैरी घरच्या विळीवर चिरत नाहीत, बाजारात फोडून घेतात. ज्यांचं ते काम आहे ते लाकडी ठोकळ्याला बसवलेली लांब कत्ती घेऊन उन्हाळाभर बसतात. मोठ्ठा अडकित्ता डोळ्यांपुढे आणा, म्हणजे कळेल.

यादम्मा त्यांतलीच. मायपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. दरवर्षी माय तिच्याकडेच जायची, आणि दरवर्षी दोघी तिसऱ्याच भाषेत बोलायच्या, म्हणजे इथल्या हिंदीत. मायची हिंदी मराठीतून आलेली, यादम्माची तेलुगूतून.

"फोड बारीक नक्को करो यादम्मा. सब कू टेंका रहना."

"बीस साल से तेरे कू टेंका नै दी क्या मैं?"

आमचा नंबर येईपर्यंत मी वही उघडून बसले होते. पण तिच्या बोलण्याकडे कान गेला. आधी वाटलं की ती अडखळत बोलते. मग लक्षात आलं की तसं नाही.

"क्या बोलूँ अम्मा, मेरी बहू सुबू उठके टीव्ही..." ठक्. "...लगाती. उसमें एक औरत रोती, ये बी..." ठक्. "...रोती. मैं पूछी, कौन मरा..." ठक्. "...मा? बोलती, अब्बी कोई नै मरा. कल मरता."

सगळ्या बाया हसल्या. मीही हसले. पण मी बघत होते ते दुसरंच. कत्ती खाली येण्याच्या क्षणी यादम्माचं तोंड बंद व्हायचं. शब्द अर्धा असला तरी. डावा हात दोन बोटांनी कैरी धरायचा, पातं त्या बोटांपासून फार तर बोटभर लांब पडायचं, आणि तेवढ्या क्षणापुरती ती टीव्ही, सून, गिऱ्हाईक, ऊन सगळ्यांतून निघून त्या कैरीपाशी यायची. मग परत जायची. किती वेळा? एका सकाळीत हजार वेळा तरी.

मी न राहवून विचारलं, "भीती नै होती?"

तिने डावा हात उघडून माझ्यापुढे धरला. "गिन. पाँच हैं?" मग म्हणाली, "दिमाग कू पचास काम मालूम. हाथ कू एकीच मालूम. काटते वखत मैं हाथ की सुनती." आणि माझ्या वहीकडे हनुवटी करून, "ये क्या पढ रई? पन्ना तो पलटाइच नै तू."

मला लाज वाटली. खरंच पान उलटलं नव्हतं.

आमच्या कैऱ्या निम्म्या झाल्या आणि यादम्माने कत्ती सोडून मनगट दाबलं. "चा पीके आती," म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "तू काट. बैठ."

"अगं बाई!" माय ओरडलीच. घाबरली की ती हिंदी विसरते. "परवा पेपर हाय तिचा. बोट गेलं म्हंजी?"

यादम्माला नेमकं कळलं. "दो हाथ दिया ना भगवान? दूसरे से लिखती," म्हणाली आणि चहाच्या गाड्याकडे गेली. रांगेतल्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. उठून जाणं आता जास्त अवघड होतं. मी बसले.

पहिली कैरी वाकडी फुटली, कवच एकीकडे आणि गर दुसरीकडे. "ही आपल्या आमटीला," माय म्हणाली. दुसरीला पातं निम्म्यात अडकलं. तिसरी धरली. घामाने कैरी निसटत होती. मी हात ओढणीला पुसला आणि मनात जे काय चाललं होतं ते, म्हणजे परवा, जून, काचेची खोली, दादांचं बोट, सगळं अर्ध्या शब्दावर थांबवलं. तोंड गच्च मिटलं. ठक्. दोन सारखी भकलं, दोन्हींना कवच, मध्ये पांढरी बी पुस्तकातल्या चित्रासारखी.

मग चौथी. मग पाचवी.

पुढचं मला नीट आठवत नाही, आणि तेच मला सांगायचं आहे. कैरीचा आंबट उग्र वास नाकात चढत होता, कापताना उडालेला चीक हाताला चिकटत होता, ठोकळ्याच्या खाचेतून पांढरट पाणी झिरपत होतं, पायाखालचं गोणपाट ओलं आणि गार होतं. कुठल्या कैरीची शीर कुठून जाते ते बोटांना कळायला लागलं होतं. रिकाम्या टोपलीत हात घातला तेव्हा कैरीच नव्हती. संपल्या होत्या. यादम्मा कधीची येऊन मागे उभी होती.

"आती क्या मेरे पास? बूथ-बीथ छोड," ती म्हणाली. मायने तिला माझी सगळी कथा सांगितली होती तर.

मी हसले, आणि हसता हसता मला कळलं की इतका वेळ मी आनंदात होते. कळल्याबरोबर दुसरा विचार आला: किती वेळ? वीस मिनिटं? अर्धा तास? म्हणजे अर्धा तास गेला! वही कुठे आहे? आनंद मला असाच होतो. ओळख पटली की लगेच निघून जातो, आणि जाताना दार आपटतो.

दुपारी घरी पाट मांडून आम्ही दोघी फोडी पुसत बसलो. कोरड्या फडक्याने प्रत्येक फोड पुसायची, आतला कागदासारखा पापुद्रा नखाने काढायचा. पाण्याचा एक थेंब चालत नाही. एका ओल्या बोटाने सगळी बरणी नासते. माझ्या घामट हातांवर मायचा विश्वास नव्हता. दर पाच फोडींनंतर ती म्हणायची, "हात दाव." मी दाखवायची. मग मोहरीची पूड, तिखट, मीठ, आणि वरून तिळाचं तेल. पिवळा-लाल रंग परातीभर पसरला. फोडी बरणीत गेल्यावर परातीला जो मसाला राहतो त्यात इथे गरम भात कालवून घरातल्या सगळ्यांना एकेक घास देतात. माय भाकरी कुस्करते. तेवढं आमचं उदगीर.

त्या घासाच्या वेळी दादा आले. सकाळपासून कुठे गेले होते ते सांगून गेले नव्हते. दारातच म्हणाले, "हात धुवू नको बाई. तसाच कर म्होरं."

मी मसाल्याचा हात पुढे केला. दादांनी खिशातून माझं हॉल तिकीट काढून माझ्या तळहातावर ठेवलं. ते चकचकत होतं. जाड प्लॅस्टिक, चारी बाजूंनी बंद, कोपरे गोल कापलेले.

"दिलसुखनगरला मशिन आलंय. ह्या बाजूनं घालायचं, त्या बाजूनं निघतंय. आता तेल लागू दे, घाम येऊ दे, पाऊस पडू दे." आणि माठातलं पाणी पेल्यात घेऊन त्यांनी ते तिकीट आत बुडवलं, बाहेर काढलं, धोतराच्या सोग्याने पुसलं. "बघ. अक्षर हललं का?"

अक्षर हललं नव्हतं.

दादा एका सरकारी कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये अटेंडर आहेत. निजामाच्या वेळचे जमिनीचे कागद तिथे लाल फडक्यांत बांधलेले असतात. गठ्ठा सोडला की कागद बोटांना पिठासारखा लागतो. एका कागदाचा कोपरा वाळवीने खाल्ला म्हणून परत गेलेली माणसं दादांनी आयुष्यभर पाहिली आहेत. कागद टिकला तर माणूस टिकतो, हे त्यांनी शिकलेलं एवढं एकच शास्त्र. त्या शास्त्राने त्यांनी माझी परीक्षा जपली होती.

आणि मला, ते चकचकीत तिकीट हातात पडल्या क्षणीच, दिसलं होतं: मागच्या बाजूचे रिकामे चौकोन. प्रत्येक पेपरला हॉलमधले सर त्या चौकोनात सही करतात. सही नसेल तर तो पेपर दिलाच नाही असं धरतात. प्लॅस्टिकवर पेन उठत नाही. हे दादांना कुठून माहीत असणार? असल्या परीक्षेला ते कधी बसले नव्हते.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

"छान झालंय, दादा."

माय म्हणाली, "घास घे की. तोंड का असं केलंस? तिखट झालं का?"

"हो," मी म्हणाले.

सोमवारी मी अफझलगंजच्या मोठ्या ग्रंथालयात गेले. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारायला हवं होतं. पण विचारलं तर 'चालणार नाही' असं ऐकावं लागेल, आणि विचारलं नाही तर निदान मंगळवारपर्यंत ते कुणी म्हटलेलं नसेल. असा माझा हिशेब. उंच छत, लांब दांड्यांचे पंखे, खिडकीतून मुसी नदीचा कुबट वास. मी पुस्तक उघडलं आणि दिवसभर हॉलमधले सर मला बाहेर काढत राहिले. कधी ओरडून, कधी हळू आवाजात, एकदा तर अगदी प्रेमाने. दुपारी मी ब्लेडने प्लॅस्टिकचा कोपरा सोलायचा प्रयत्न केला. प्लॅस्टिकबरोबर माझ्या नावाचं पहिलं अक्षर उठून यायला लागलं. मी ब्लेड ठेवून दिलं.

यादम्मा आठवली. तोंड मिटून पाहिलं. त्या दिवशी जमलं नाही. कत्ती हातात असताना सोपं असतं, बोट समोर असतं. इथे पातं कुठून येणार आहे तेच दिसत नव्हतं. एवढं मात्र कळलं की नुसतं बसून 'आत्ता' सापडत नाही. काहीतरी हातात धरावं लागतं. ते कळेपर्यंत ग्रंथालय बंद व्हायची वेळ झाली होती.

मंगळवारी दादा मला बसथांब्यापर्यंत सोडायला आले. तिकीट त्यांच्याच खिशात होतं. बस आल्यावर त्यांनी ते काढून दिलं. "आता भ्यायचं काय कारण हाय? कागद पक्का हाय," म्हणाले. मी मान डोलावली. खिडकीतून बघितलं तर ते हात वर करून उभे होते, बस वळेपर्यंत.

हॉलमधले सर वयस्कर होते. मेंदी लावलेली दाढी, खिशात दोन पेनं. एकेका बाकाशी येऊन सही करत होते. माझ्यापाशी आले, तिकीट उलटं केलं, पेन टेकवलं. पेन घसरलं. पुन्हा टेकवलं. पुन्हा घसरलं. त्यांनी तिकीट डोळ्यांजवळ नेलं.

"ये क्या करा के लाए अम्मा? सही कायपे करूँ, प्लास्टिक पे?"

आजूबाजूच्या मुली वळल्या. मी काल दिवसभर बारा उत्तरं तयार केली होती. तोंडून आलं ते तेरावंच.

"पिताजी कराए सर. खराब नक्को होना बोलके."

"पिताजी क्या करते?"

"अटेंडर हैं सर. रेकॉर्ड रूम में."

त्यांनी पेन खिशात ठेवलं. दाढीतल्या दाढीत हसले की काय, मला कळलं नाही. "तबीच," म्हणाले. "कागज की कदर मालूम उनकू." मग हात पुढे केला. "कंपास है?"

मी पेटीतला कंपास दिला. सर वाकले, तिकीट बाकावर दाबून धरलं आणि कंपासच्या टोकाने प्लॅस्टिकवर सही कोरायला लागले. कर्र कर्र असा आवाज येत होता. दोन्ही ओठ घट्ट मिटले होते. सही पुरी झाल्यावर त्यांनी वरचा भुसा फुंकून उडवला, बोट फिरवून पाहिलं आणि तिकीट मला दिलं.

"लिखो अब. वखत जारा."

मी प्रश्नपत्रिका उघडली. भीती गेली असं मी म्हणणार नाही. ती होतीच, आणि बोलतच होती. पण माझ्या नखांत मोहरीचा पिवळा रंग अजून होता, आणि बोटं नाकाशी गेली तेव्हा कैरीचा वास आला. पहिलं गणित एका अनंत श्रेणीचं होतं: पदं संपतच नाहीत, तरी बेरीज एखाद्या संख्येपाशी जाऊन ठरते का? मी भीतीला अर्ध्या शब्दावर थांबवलं आणि पेन टेकवलं. एक ओळ. मग ती परत बोलायला लागली, पाचव्या गणिताचं काय? बोल, बोल. पुढची ओळ. तोंड मिटून. पुढची.

कधीतरी मध्येच ती बोलायची थांबली होती. मला आठवतं ते असं: पंख्याने कागदाचा कोपरा उडत होता आणि मी तो डाव्या कोपराने दाबला होता. शाई ओली असताना निळी आणि वाळल्यावर किंचित काळी दिसत होती. एक पायरी दुसरीत बसली की छातीत काहीतरी हलकं व्हायचं, कैरीचं भकल सरळ फुटावं तसं. मला गणित आवडतं, हे मला तीन वर्षं गणित शिकून त्या दिवशी कळलं. घंटा झाली तेव्हा एक गणित राहिलं होतं. राहिलं तर राहिलं. बाकीची होती.

संध्याकाळी मायने बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा सोडला. तिसऱ्या दिवशी आवकाय खालीवर करतात, वर तेल सुटलेलं असतं. पहिली फोड तिने माझ्या भाकरीवर ठेवली. दादा म्हणाले, "तिकीट दाव बरं." मी दिलं. त्यांनी उलटं केलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे कुणी वरबाडलं?"

"सही आहे, दादा. सरांनी केली."

"अशी?"

"प्लॅस्टिकवर पेन उठत नाही."

ते बराच वेळ त्या ओरखड्यांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुला रविवारीच ठाव होतं."

मी भाकरीचा तुकडा मोडला.

"मग बोलली का नाहीस? दोन दिस पोटात ठेवलंस?"

"तुम्ही पाण्यात बुडवून दाखवलंत ना," मी म्हणाले. मायने पदर तोंडाला लावला. मला वाटलं ती रडतेय, पण ती हसत होती. मग दादांनाही हसू आलं. त्यांनी अंगठा त्या कोरलेल्या सहीवरून फिरवला, जसे ते जुन्या कागदांवरचे शिक्के चाचपतात तसा.

"आमच्या सबंध दप्तरात इतकी पक्की सही एक नाही," म्हणाले.

फोड मी कोयीसकट चावत होते. आंबट, तिखट, आणि दाताखाली ते टणक कवच. ते खाता येत नाही, टाकूनही देता येत नाही. चोखत बसायचं.

त्या पेपरात मी पास झाले. फार मार्क नव्हते, पण झाले, आणि पुढच्याही पेपरांत. मग एके दिवशी धीर करून दादांना एम.एस्सी. म्हणजे काय ते सांगितलं. पुरतं समजलं नसावं. "म्हंजी अजून कागद," म्हणाले, आणि हो म्हणाले. बूथच्या काचेच्या खोलीत दुसरी मुलगी बसते. जाता येता आम्ही एकमेकींना हात करतो.

पण मी बदलले असं कुणी समजू नये. आजही बसमध्ये बसले की पुढचा थांबा मोजते. मला वाटायचं की आताच्या क्षणात जगायचं म्हणजे आधी भीती काढून टाकायची, फोडीची कोय काढावी तशी. माझ्याने ते होत नाही. तशी फोड टिकतही नसेल कदाचित. जे थोडे क्षण मला पुरते मिळाले, कत्तीपाशी, त्या बाकावर, त्या प्रत्येकाला भीतीचा एक टणक तुकडा चिकटलेला होता. हे बरोबर आहे का, मला ठाऊक नाही. शहाण्या माणसांना याहून चांगलं काही ठाऊक असेल.

आज रविवार. कैऱ्या सकाळीच फोडून आणल्या, तेव्हापासून आम्ही तिघंही खाली बसून आहोत, फोडी पुसतोय. म्हणजे मी मध्ये उठून हे लिहितेय आणि माय दर पाच मिनिटांनी हाक मारतेय. मघाशी मसाला कालवता कालवता दादांनी यंदाचं हॉल तिकीट बघायला मागितलं. मी म्हणायच्या आतच म्हणाले, "न्हेत नाही कुठं. सहीला जागा लागती." त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, मागचे रिकामे चौकोन एकेक करून मोजले. परत दिलं तेव्हा कोपऱ्यावर अंगठ्याचा ठसा उमटला होता. मोहरीचा, पिवळाधमक, तेलासकट.

"अवं, हात!" माय ओरडली. दादांचा चेहरा उतरला. ते सोग्याने पुसायला धावले.

चालेल का? सर काय म्हणतील? बुधवारी कोण असेल हॉलमध्ये? सगळे प्रश्न रांगेने येऊन उभे राहिले, जुन्या ओळखीचे.

"राहू द्या दादा," मी म्हणाले, "पुसलं तर पसरेल." आणि तिकीट वाळायला खिडकीत ठेवलं.

माय पुन्हा हाक मारतेय. टोपलीत अजून निम्म्या फोडी आहेत. एक उचलून आणली होती, ती इथे वहीशेजारीच पुसतेय. आधी उलटी करून पाहिली, कोय आहे का.

आहे.